अण्णांच्या पोटातली फुटलेली नस आणि पहाटे चारची सही

पत्र

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात राहते. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, ७२ वर्षांचे आहेत. एसटीत ड्रायव्हर होते. बीडी चाळीस वर्षांची आणि बीपीची गोळी आठवली तर घेणार. दोन महिन्यांपूर्वी रात्री जेवण झाल्यावर त्यांच्या कमरेत आणि डाव्या कुशीत असह्य कळ आली. मोरीकडे गेले आणि तिथेच चक्कर येऊन पडले. गावातल्या डॉक्टरांनी मुतखडा असेल म्हणून इंजेक्शन दिलं. तासभर बरं वाटलं, मग पुन्हा घामाने डबडबले. तालुक्याच्या गावी सोनोग्राफी केली तेव्हा कळलं की पोटातली मोठी नस सात सेंटीमीटरपेक्षा जास्त फुगली आहे आणि फुटली आहे. अँब्युलन्समधून पुण्याला नेलं. वाटेत बीपी ८५ होतं, तरी सोबतच्या डॉक्टरांनी सलाईन सोडलं नाही. नुसते अण्णांशी बोलत बसले होते. पहाटे चारला सीटी स्कॅन झाला. सर्जन म्हणाले, पोट उघडून करता येईल किंवा जांघेतून जाळी घालून करता येईल, मला जाळी बरी वाटते, दहा मिनिटांत सांगा. दादा मस्कतला. त्याचा फोन लागेना. मी सही केली.

अण्णा वाचले, बाराव्या दिवशी घरी आले. पण दादा तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाही. पोट उघडून कायमचं शिवून घ्यायला हवं होतं, तू घाबरून जाळीला हो म्हणालीस, दवाखान्याने जाळी खपवली, असं त्याचं म्हणणं. आईच्या नावची ठेव त्यात मोडली हेही खरं. ऑपरेशननंतर तीन दिवस अण्णांचं पोट नगाऱ्यासारखं टम्म होतं, लघवी कमी होत होती. दादा म्हणतो, आतलं रक्त काढलंच नाही. आता महिन्याच्या सीटीत ‘टाइप टू एंडोलीक’ असं आलंय. लीक म्हणजे गळतीच ना? माझ्या चुलत्यांना, तात्यांना, नऊ वर्षांपूर्वी असंच पोटात दुखून दोन तासांत मरण आलं होतं, तेही डोक्यातून जात नाही. रात्री झोप लागत नाही. माझं चुकलं का? अण्णा मात्र खुशीत आहेत. आता आत पाइप बसवलाय म्हणतात, मग बीडी ओढायला काय हरकत, आणि म्हशीची धार कधी काढू, असं रोज विचारतात.

एक मुलगी


उत्तर

ताई,

तुमची सही बरोबर होती. अण्णा वाचले म्हणून ती बरोबर ठरली असं मी म्हणत नाही. देव न करो, पण त्या रात्री अण्णा टेबलावर गेले असते तरी मी हेच लिहिलं असतं. समोर जी माहिती होती तिच्यावर तुम्ही निर्णय घेतलात आणि सर्जनच्या सल्ल्याला शास्त्राचा आधार होता. बाकीचं सगळं सविस्तर सांगते. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दादांच्या प्रत्येक आक्षेपाचं उत्तर तुम्हाला मिळायला हवं असं मला वाटलं.

मी भूलतज्ज्ञ. एकतीस वर्षं ऑपरेशन टेबलाच्या डोक्याकडच्या बाजूला उभी राहिले. फुटलेल्या महाधमनीचे रुग्ण मी दोन्ही काळांत पाहिले आहेत, पोट उघडण्याखेरीज इलाज नव्हता तेव्हाही आणि जांघेतून जाळी घालणं सुरू झालं तेव्हाही.

महाधमनी म्हणजे हृदयातून निघून पाठीच्या कण्याला लागून खाली बेंबीपर्यंत येणारी नस. तिथे तिचे दोन फाटे होतात, एकेका पायासाठी. पोटात तिची जाडी साधारण दोन सेंटीमीटर असते. तीन सेंटीमीटरच्या पुढे गेली की तिला फुगा, डॉक्टरी भाषेत एन्युरिझम, म्हणतात. पुरुषांत साडेपाच आणि बायकांत पाच सेंटीमीटरला पोचला की, फुटायची वाट न बघता, ठरवून ऑपरेशन करायचा सल्ला देतात. अण्णांचा सातच्या वर होता. इतका मोठा फुगा माणूस वर्षानुवर्षं पोटात घेऊन हिंडतो, एसटी चालवतो, म्हशी राखतो आणि त्याला पत्ता नसतो. दुखत नाही, खुपत नाही. ज्यांचा फुटतो त्यांतले निम्म्याच्या आसपास दवाखान्याच्या दारापर्यंतही पोचत नाहीत. पोचलेल्यांतलेही पुष्कळ जातात. सगळे धरले तर दहातले आठ वाचत नाहीत, असं जुन्या-नव्या पाहण्यांमधून दिसतं. अण्णा उरलेल्या दोघांतले आहेत.

ते पुण्यापर्यंत पोचले कसे, हे समजून घ्या. सलाईनचं उत्तर त्यातच आहे.

फुगा पोटाच्या मोकळ्या पोकळीत फुटला तर काही मिनिटांत सगळं संपतं. अण्णांचा बहुतेक मागच्या बाजूला, पाठीकडे फुटला असणार. डाव्या कुशीत आणि कमरेत कळ आली ती त्यामुळे. तिथे जागा अरुंद असते. सांडलेलं रक्त स्नायू आणि पडद्यांच्या मध्ये साकळतं, गोठतं आणि फाटलेल्या जागेवर स्वतःच बोळा दाबल्यासारखं बसतं. बीपी खाली आलेलं असतं म्हणून तो बोळा टिकतो. अशा वेळी बाटल्यांवर बाटल्या सलाईन सोडून बीपी १२० वर नेलं तर? बोळा उडतो. शिवाय सलाईनने रक्त पातळ होतं, थंड होतं, गोठायची ताकद कमी होते. म्हणून अशा रुग्णाचं वरचं बीपी ७० ते ९० च्या दरम्यान राहू द्यायचं आणि तो शुद्धीवर आहे ना, विचारलेल्याला नीट उत्तर देतो ना, हे पाहत राहायचं, असा आता नियम आहे. मेंदूला रक्त पोचतंय याची ती सर्वांत सोपी खूण. ८५ बीपीला सलाईन न सोडता अण्णांशी बोलत बसलेला तो डॉक्टर निष्काळजी नव्हता, ताई. दर मिनिटाला तो अण्णांना तपासत होता. त्याचं नाव तुम्हाला ठाऊक असेल तर त्याला एक फोन करा. अँब्युलन्समधल्या मुलांना पुढे रुग्णाचं काय झालं हे कुणी कधी कळवत नाही.

आता पोट उघडण्याबद्दल. दादांच्या मनात जे ‘नीट’ ऑपरेशन आहे ते कसं असतं, हे टेबलाच्या डोक्याकडून पाहिलेलं सांगते.

एरवी कुठल्याही ऑपरेशनला आम्ही आधी भूल देतो, मग पोट साफ करतात, चादरी टाकतात. फुटलेल्या महाधमनीत हा क्रम उलटा. रुग्ण टक्क जागा असताना त्याचं पोट औषधाने रंगवायचं, चादरी टाकायच्या, सर्जनने सुरी हातात घेऊन उभं राहायचं आणि मग माझ्याकडे बघायचं. का? कारण भुलीचं औषध आत गेलं की नसा सैल पडतात आणि स्नायू ढिले करायचं औषध गेलं की पोटाची भिंत सैल पडते. त्या भिंतीच्या दाबाने जो बोळा बसलेला होता तो सुटतो. बीपी ८० वरून बघता बघता मोजता येईनासं होतं. त्या क्षणापासून सर्जनच्या हाती फार थोडी मिनिटं असतात. छातीच्या खालपासून ओटीपोटापर्यंत पोट उघडायचं, रक्ताच्या डोहात हात घालून महाधमनी चाचपायची आणि तिला चिमटा लावायचा. लागला तर पुढचं सगळं शक्य. मग फुगा उघडून आत कापडी नळी शिवतात. काम पक्कं होतं यात शंका नाही. पण बहात्तर वर्षांच्या, चाळीस वर्षं बीडी ओढलेल्या माणसाच्या हृदयाने, फुप्फुसांनी आणि मूत्रपिंडांनी त्यातून तरून जायचं असतं. मी अशा कितीतरी रात्री पाहिल्या आहेत की ऑपरेशन उत्तम झालं आणि चौथ्या-पाचव्या दिवशी रुग्ण व्हेंटिलेटरवरच दगावला.

त्या मिनिटभराच्या घसरणीची मला कायम भीती वाटायची. सुई माझ्या हातात असायची.

जांघेतून जाळी घालतात, ज्याला डॉक्टर लोक ईव्हार म्हणतात, त्यात ती घसरण टाळता येते. रुग्णाला पूर्ण झोपवावंच लागतं असं नाही. दोन्ही जांघांत, दात काढताना देतात तशी, जागेपुरती भूल देऊन भागतं. पोटाची भिंत घट्ट राहते, बोळा जागच्या जागी राहतो. जांघेतल्या धमनीत सुई घालून तिच्यातून बारीक तार वर सरकवतात, एक्स-रेच्या पडद्यावर बघत बघत. मध्येच बीपी कोसळलं तर त्याच वाटेने एक फुगवायचा बलून वर महाधमनीत नेऊन फुगवता येतो. बाहेरून चिमटा लावण्याऐवजी आतून बूच. मग येते जाळी. ती नुसती जाळी नसते. धातूच्या स्प्रिंगसारख्या सांगाड्यावर घट्ट विणीचं कापड चढवलेली नळी असते आणि आकार पायजम्यासारखा. कंबर एक, पाय दोन. घडी घालून बारीक नळीतून ती वर नेतात. मूत्रपिंडांच्या नसा जिथून निघतात त्याच्या जरा खाली कंबर उघडतात आणि तिथल्या निरोगी भिंतीत ती घट्ट बसते. एक पाय तिच्यासोबतच उतरतो, दुसरा दुसऱ्या जांघेतून नेऊन जोडतात. आता रक्त पायजम्यातून वाहतं. बाहेर राहिलेल्या फाटक्या फुग्यावरचा जोर जातो.

हे तंत्र काल-परवाचं नाही, हेही दादांना सांगा. युक्रेनमधल्या खार्किव्हला निकोलाय व्होलोदोस या सर्जनने १९८७ मध्ये छातीतल्या महाधमनीत आतून अशी नळी बसवली. पोटातल्या फुग्यासाठी अर्जेंटिनात ब्युनोस आयर्सला हुआन पारोदी यांनी सप्टेंबर १९९० मध्ये ती पहिल्यांदा वापरली. रुग्ण असे निवडले होते की ज्यांना पोट उघडणं झेपलं नसतं. फुटलेल्या फुग्यावर आतून इलाज केल्याचा अहवाल इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमहून १९९४ मध्ये आला. म्हणजे याला तीस वर्षं होऊन गेली.

आणि दोन्हींची तुलना झाली आहे का? झाली आहे. मुख्यतः ब्रिटनमधल्या तीस रुग्णालयांत, २००९ ते २०१३ या काळात, महाधमनी फुटल्याचा संशय असलेल्या ६१३ रुग्णांची चिठ्ठी टाकल्यासारखी दोन गटांत वाटणी केली. एका गटात शक्य असेल तिथे जाळी, दुसऱ्यात पोट उघडून ऑपरेशन. ‘इम्प्रूव्ह’ नावाने तो अभ्यास ओळखला जातो. पहिल्या तीस दिवसांत दगावलेल्यांचं प्रमाण जवळजवळ सारखं निघालं, शंभरात ३५ आणि ३७. हे मी लपवणार नाही. जाळी म्हणजे जादू नव्हे. पण तीन वर्षांनी पाहिलं तेव्हा जाळीच्या गटात शंभरातले ४८ गेले होते आणि पोट उघडलेल्या गटात ५६. वाचलेल्यांत जाळीवाले लवकर आणि थेट आपल्या घरी गेले, शंभरातले ९४. दुसऱ्या गटात ७७, बाकीच्यांना आधी दुसऱ्या रुग्णालयात किंवा शुश्रूषागृहात हलवावं लागलं. बायकांना जाळीचा फायदा जास्त दिसला. ज्यांना फक्त जागेपुरती भूल दिली ते अधिक वाचले, हेही त्यात दिसलं. अर्थात ज्यांची तब्येत त्यातल्या त्यात बरी होती त्यांनाच तशी भूल देणं जमलं असेल, हे मी स्वतः त्या बाजूची असूनही मान्य करते.

म्हणजे सर्जनने तुम्हाला जे सांगितलं ते, दोन्ही शक्य आहेत पण मला जाळी बरी वाटते, हे त्यांनी अगदी प्रामाणिकपणे सांगितलं. खपवणारा माणूस दोन पर्याय समोर ठेवत नाही. सगळ्यांना जाळी बसवता येतही नाही. मूत्रपिंडाच्या नसांखाली निरोगी भिंतीचा पुरेसा तुकडा लागतो, साधारण सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर, आणि तो फार वाकडा असून चालत नाही. म्हणून तर पहाटे चारला आधी सीटी केला. शिवाय त्या मापाची जाळी रात्री रुग्णालयात हजर हवी, ती बसवणारे हात हवेत. मोठ्या शहरांतसुद्धा हे सगळीकडे जुळून येत नाही.

जाळी महाग असते, हे दादांचं म्हणणं मात्र खरं आहे. आईची ठेव मोडली याचं दुःख मला कळतं. बिलाचा तपशील, जाळीचं नाव, माप आणि क्रमांक यांसह, मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे. हिशेबात काही खटकलं तर जरूर विचारा. पण बिलाचं भांडण वेगळं आणि निर्णयाचं वेगळं. पोट उघडूनही ऑपरेशन फुकट झालं नसतं आणि अतिदक्षता विभागातले दिवस बहुधा वाढले असते.

आता ते टम्म पोट. आतलं रक्त काढलं नाही, हे खरंच आहे. मुद्दामच काढत नाहीत. ते काढायला पोट उघडावं लागेल आणि मग जाळी घालण्याचा उपयोग काय? साकळलेलं रक्त शरीर हळूहळू शोषून घेतं, त्याला आठवडे, महिने लागतात. पण पहिल्या काही दिवसांत या रक्ताने आणि सुजलेल्या आतड्यांनी पोटातला दाब वाढू शकतो. फार वाढला तर मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा आवळला जातो, लघवी आटते, श्वास घ्यायला जड जातं. मग मात्र पोट उघडून दाब मोकळा करावा लागतो. तुमच्या पत्रात नाही, पण मला खात्री आहे की त्या तीन दिवसांत कुणीतरी दर काही तासांनी लघवीच्या पिशवीवरचे आकडे लिहून घेत असेल आणि नळीतून पोटाचा दाब मोजत असेल. अण्णांचं तेवढ्यावर निभावलं.

एंडोलीक या शब्दाने तुम्हाला घाबरवलं आहे, म्हणून त्यावर जरा जास्त लिहिते. गळती हा शब्दच भीतीदायक आहे. पण गळती कुठून, यावर सगळं अवलंबून असतं. पायजम्याची कंबर किंवा पायाची टोकं भिंतीला नीट चिकटली नसतील आणि तिथून रक्त फुग्यात शिरत असेल तर तो टाइप वन. जोड सुटला किंवा कापड फाटलं तर टाइप थ्री. या दोन्हींत हृदयाचा पूर्ण दाब फुग्यावर येतो, तिथे दिरंगाई चालत नाही. अण्णांचा टाइप टू आहे. कमरेकडे जाणाऱ्या बारीक नसा आणि आतड्याला जाणारी एक नस पूर्वी महाधमनीतून निघायच्या. आता त्यांची तोंडं जाळीने झाकली गेली, पण दुसऱ्या वाटेने रक्त फिरून त्यांच्यातून उलटं फुग्यात झिरपतं. पाटाचं मुख्य दार बंद केलं तरी शेजारच्या वावरातून थोडं पाणी परत आत झिरपावं तसं. दाब कमी असतो. पुष्कळांत ते आपोआप बंद होतं. डॉक्टर बघतात ते एवढंच की फुग्याचं माप वाढतंय का. स्थिर असेल किंवा घटत असेल तर नुसती नजर ठेवतात. वाढायला लागलं तर ती बारीक नस आतून बंद करायचे उपाय आहेत, तेही बहुधा सुईच्या वाटेनेच.

दादांचं एक म्हणणं इथे मी मान्य करते आणि तुम्हीही करा. जाळीचं काम पोट उघडून शिवलेल्या नळीइतकं ‘एकदाच आणि कायमचं’ नसतं. ती जागेवर आहे का, गळती आहे का, हे आयुष्यभर तपासत राहावं लागतं. पहिल्या वर्षाचा सीटी चुकवायचा नाही, आणि त्यानंतर दरवर्षी डॉक्टर सांगतील ती तपासणी, सीटी किंवा डॉपलर सोनोग्राफी. अण्णांना टाइप टू आहे म्हणून कदाचित मधल्या काळातही बोलावतील. आमच्याकडचे रुग्ण इथेच निसटतात. बरं वाटतं, कापणी येते, लग्न निघतं, पुण्याची खेप पुढे ढकलली जाते. तुमच्यात आणि दादांमध्ये काही वाटून घ्यायचं असेल तर हे घ्या: सीटीची तारीख लक्षात ठेवणं तुमच्याकडे, खर्च त्यांच्याकडे. जाळीचं कार्ड, ऑपरेशनची नोंद आणि सगळ्या सीटीच्या सीडी एका पिशवीत ठेवा आणि त्यांचे फोटो दोघांच्या मोबाईलमध्ये. कुठल्याही दवाखान्यात अचानक जावं लागलं तरी तिथल्या डॉक्टरला पहिल्या मिनिटात कळलं पाहिजे की आत काय आहे.

पुन्हा पोटात किंवा कमरेत नवी कळ, चक्कर, पाय अचानक थंड आणि बधिर पडणं, किंवा कारण न सापडणारा रेंगाळणारा ताप आला तर वाट बघू नका. ताप मी मुद्दाम लिहिला आहे. आतल्या कापडाला जंतुसंसर्ग होणं क्वचित घडतं, पण घडलं तर गंभीर असतं, आणि तो ताप गावात टायफॉइड म्हणून आठवडे काढतो. आणखी एक. लघवीच्या त्रासासाठी किंवा जुलाबासाठी आपल्याकडे सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या गोळ्या सर्रास देतात. ज्यांची महाधमनी फुगलेली आहे त्यांना, दुसरा पर्याय असेल तर, या गटातली औषधं देऊ नयेत असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१८ च्या डिसेंबरमध्ये दिला आहे. तुमच्या गावातल्या डॉक्टरांना हे सांगून ठेवा.

त्या डॉक्टरांविषयी. मुतखडा म्हणून इंजेक्शन देऊन त्यांनी वेळ घालवला, असं तुम्ही लिहिलेलं नाही, पण ओळींमधून ते जाणवलं. फुटलेला फुगा मुतखड्याचं सोंग घेऊन येतो, हे जगभरच्या तातडीच्या विभागांत शिकवतात, आणि तरी जगभर चूक होते. कळ तीच, जागा तीच, घामही तोच. फरक दोन गोष्टींत असतो. साठी ओलांडलेल्या, बीडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच मुतखड्याची कळ येणं, आणि कळेसोबत चक्कर येऊन पडणं. हे दोन्ही एकत्र दिसले की लघवीच्या तपासणीआधी महाधमनीची सोनोग्राफी. हे वाचणाऱ्या प्रत्येकाने एवढं ध्यानात ठेवावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आणि अशा रुग्णाला घेऊन निघण्याआधी पुढच्या रुग्णालयाला फोन करून विचारा: फुटलेल्या महाधमनीचं काम तुमच्याकडे आत्ता, या घटकेला होतं का? नाही म्हणाले तर तिथे न थांबता पुढे.

राहता राहिले तात्या. नऊ वर्षांपूर्वी त्यांचं काय झालं हे आता कुणी ठामपणे सांगू शकणार नाही. पण सख्ख्या भावांत हा आजार चालतो, एवढं नक्की. म्हणून तुम्हा भावंडांचा प्रश्न येतो. ब्रिटनमध्ये प्रत्येक पुरुषाला पासष्टाव्या वर्षी एक सोनोग्राफी करायला बोलावतात, एवढ्यासाठीच. अमेरिकेत पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या, कधीही धूम्रपान केलेल्या पुरुषांना ती सुचवतात. आपल्याकडे अशी सरकारी मोहीम नाही, आपल्यालाच जावं लागतं. ज्यांच्या आई-वडिलांना किंवा सख्ख्या भावंडांना हा आजार झाला, त्यांनी पन्नाशी गाठली की एकदा तपासून घ्यावं. अण्णांचे आणखी भाऊ-बहीण हयात असतील तर त्यांना याच महिन्यात न्या. सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर ‘महाधमनीचं माप’ असं स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर पोटाच्या नेहमीच्या रिपोर्टात यकृत-मूत्रपिंड येतं आणि ती तेवढी राहून जाते. सकाळी उपाशीपोटी गेलं तर गॅसमुळे अडत नाही. दहा मिनिटांचं काम, दुखत नाही, सुईसुद्धा नाही.

दादांना हे आकडे पाठवून वाद जिंकायला जाऊ नका. मस्कतला बसून बापाच्या मरणाची बातमी येते की काय म्हणून ज्याने रात्र काढली, आणि ज्याचा फोन नेमका तेव्हाच लागला नाही, त्याचा राग कुणावर तरी निघणारच. तो तुमच्यावर निघतोय, कारण सही तुमची आहे. मी अशी घरं पुष्कळ पाहिली, ताई. जवळ असलेल्या मुलीने निर्णय घ्यायचा आणि लांब असलेल्या मुलाने त्याचा जाब विचारायचा. त्यांना एवढंच लिहा: दादा, तुझं वय काय, सिगारेट सुटली का, आणि तिकडे सोनोग्राफी कधी करून घेतोस? आपल्या पोटावर मशीन फिरत असताना हा आजार काय आहे ते त्यांना माझ्या पत्राशिवाय कळेल.

अण्णांच्या दोन प्रश्नांची उत्तरं त्यांना वाचून दाखवा.

अण्णा, आत पाइप बसवला म्हणजे नस नवी झाली असं नाही. पाइपची कंबर तुमच्या स्वतःच्या नसेत रुतून बसलेली आहे. बीडी त्या नसेची भिंत कुजवते. ती भिंत आणखी फुगली की कंबर सैल पडते, पायजमा घसरतो, आणि मग पुन्हा ती पहाट. एसटीच्या गाडीचा टायर नवा टाकला आणि रिमला तडा असेल तर तुम्ही घाटात गाडी घातली असती का? बीडी एकदाच आणि कायमची सोडायची. जमत नसेल तर सोडवायची औषधं मिळतात, लाज न बाळगता मागा. बीपीची गोळी रोज, आठवण येवो न येवो. मुलीला सांगा, ती सकाळच्या चहाच्या बशीतच ठेवील.

आणि म्हशीची धार काढायला हरकत नाही. दोन महिने झाले, जांघेतल्या जखमा भरल्या असतील, पुढच्या तपासणीला डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या आणि सुरू करा. उकिडवं बसू नका, स्टूल घ्या. भरलेली बादली आणि पेंडीचं पोतं दुसऱ्या कुणाला तरी उचलू द्या. सुरुवातीला एकच वेळ काढा, सकाळची.